महालक्ष्मीला पहिल्यांदा जाताय? सेफ किती, रिस्क किती, याचा हिशेब

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर नवा माणूस दिसला की कोणी ना कोणी सांगतंच, "फेव्हरिटवर लाव, सेफ आहे." ती रेस आटोपली की तोच माणूस म्हणतो, "फेव्हरिटमध्ये काय मिळणार? एखादा फ्लूक घोडा पकड, दिवस निघेल." फेव्हरिट म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत तो घोडा, फ्लूक म्हणजे ज्याच्यावर फारसं कोणी लावत नाही तो. दोन्ही सल्ले मनापासून दिलेले असतात आणि दोन्ही अर्धवट असतात. किती पैसे सांभाळून लावायचे, किती उधळायचे आणि कोणत्या रेसला हात बांधून नुसतं बघायचं, हे त्यात कुठेच येत नाही. ज्यांनी आजवर रेसकोर्स फक्त हाजीअलीवरून जाताना बसच्या खिडकीतून पाहिलाय, त्यांच्यासाठी हा हिशेब मांडतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. जमलेल्या पैशातून क्लबचा वाटा आणि सरकारचा कर आधी निघतो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे लावणारे सगळे मिळून तोट्यातच असतात. एखादा दिवस, एखादा सीझन कोणाचा चांगला जाईलही. पण यातून घरखर्च काढायचा किंवा कर्ज फेडायचं मनात असेल तर पुढे वाचण्यात अर्थ नाही. आणि वय १८ पूर्ण नसेल तर विषयच संपला.

पायरी १: पैसे लावायचे कुठे

महालक्ष्मीचा रेसकोर्स १८८३ सालचा. रेस भरवणारी संस्था रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईचा सीझन आणि पावसाळ्यात जुलैपासून पुण्याचा. १९४३ पासून चालत आलेली इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथेच होते, २४०० मीटरची.

१९९६ साली सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. त्याचा अर्थ मात्र "रेसवर कुठेही, कसेही पैसे लावा, चालतं" असा कोणी काढू नये. परवानगी आहे ती परवाना असलेल्या जागेत: टोटची खिडकी (टोट म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र जमवून जिंकणाऱ्यांत वाटायची क्लबची पद्धत), आणि रेसकोर्सच्या आत बसणारा परवानाधारक बुकी. गल्लीतला चिठ्ठीवाला, फोनवर घोडा लिहून घेणारा, टेलिग्रामवर लिंक पाठवणारा, हे सगळे बेकायदा. ऑनलाइन पैसे लावून खेळायच्या खेळांवर तर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच केला.

बाहेरच्या बुकीची खरी गोम वेगळीच आहे. तो उधारीवर घेतो. आज लाव, सोमवारी हिशेब करू. खिडकीवर नोट सरकवताना हाताला जो थोडासा जडपणा येतो, तो उधारीत येत नाही, आणि माणूस बुडतो तो तिथे. लालबाग-परळच्या जुन्या माणसांना विचारा. पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर कोण वसुलीला उभं असायचं, हे त्यांना ठाऊक असतं.

पायरी २: आधी रक्कम, मग घोडा

घरून निघण्यापूर्वी दिवसाची रक्कम ठरवा. या लेखात १,००० रुपये धरू. तुमच्यासाठी ते ५०० असतील किंवा ३,०००, पण एक कसोटी लावा: हे सगळे पैसे संध्याकाळी गेले तर महिन्यातल्या कोणत्या गोष्टीला कात्री लागेल? उत्तरात मुलांची फी, सोसायटीचा मेंटेनन्स किंवा हप्ता यांपैकी काही आलं तर रक्कम कमी करा. शिवाजी मंदिरला नाटक बघून आल्यावर तिकिटाचे पैसे बुडाले असं कोणी म्हणत नाही. तेवढ्याच सहजतेने ज्या रकमेकडे बघता येईल ती तुमची रक्कम.

ही रक्कम नोटांत काढा आणि एका खिशात ठेवा. परतीचं भाडं, चहा-वडा आणि प्रवेशाचे पैसे दुसऱ्या खिशात. जिंकलेले पैसेही दुसऱ्याच खिशात जातात, पहिल्यात परत येत नाहीत. हे वाचायला पोरकट वाटेल, पण चौथ्या रेसनंतर "आपण नक्की किती लावले?" हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. खिसे वेगळे असले की डोकं चालवावं लागत नाही.

पायरी ३: पूल आणि भाव समजून घ्या

इथे थोडं रेंगाळू, कारण सेफ-रिस्कीचा सगळा गोंधळ इथेच सुरू होतो.

टोटमध्ये तुम्ही क्लबविरुद्ध खेळत नाही, बाकीच्या लावणाऱ्यांविरुद्ध खेळता. समजा एका रेसच्या विनच्या पूलमध्ये, म्हणजे कोणता घोडा पहिला येईल यावर लागलेल्या एकत्रित पैशांत, १ लाख रुपये जमले आणि त्यातून २० टक्के वजा झाले (आकडा उदाहरणापुरता). उरले ८०,०००. चार नंबरच्या घोड्यावर ४०,००० रुपये लागलेत, म्हणजे १० रुपयांची ४,००० तिकिटं. तो जिंकला तर ८०,००० भागिले ४,०००, दर १० रुपयांच्या तिकिटाला २० रुपये डिव्हिडंड. सात नंबरवर फक्त ४,००० रुपये लागले असतील तर त्याचा डिव्हिडंड २०० रुपये. रेस तीच, धावायचं अंतर तेच. भाव ठरवला तो लोकांनी.

म्हणून बोर्डावरचा आकडा शेवटच्या मिनिटापर्यंत हलत राहतो. दहा मिनिटं आधी ४० दिसत असलेला घोडा गेट उघडेपर्यंत २५ वर येऊ शकतो, आणि तुम्हाला मिळतात ते २५. बुकीकडे उलटं: तुम्ही लावलं त्या क्षणीचा भाव तुमचा. पुढे भाव उतरला तर तुम्ही फायद्यात, चढला तर तो फायद्यात. पहिल्या दोन-तीन वेळी टोटच बरा. बुक्यांच्या घोळक्यात भाव भराभर बदलतात, आजूबाजूला आरडाओरडा असतो आणि नवखा माणूस घाईत नको तो घोडा लावून मोकळा होतो.

आता कर. बेटच्या रकमेवर लागणारा जीएसटी आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा कर पूलमधून गेला काय किंवा तिकिटावर वरून लागला काय, खिसा तुमचाच. वरून लागतो असं धरून गणित करा. १०० रुपयांची बेट तुम्हाला १४० ला पडली. फेव्हरिटने १० ला १४ दिले तर तुमच्या हातात येतात १४०. म्हणजे घोडा जिंकला, तुम्ही उड्या मारल्या, रांगेत उभं राहून पैसे घेतले आणि कमाई शून्य! १५ चा डिव्हिडंड देणारा घोडा परवडायचा तर तो शंभरात ९३ वेळा जिंकायला हवा, आणि असा घोडा कुठल्याच तबेल्यात नसतो. ३० चा डिव्हिडंड असेल तर ४७ वेळा, ५० चा असेल तर २८ वेळा, १०० चा असेल तर १४ वेळा जिंकला की बरोबरी.

जगभरचा ढोबळ अनुभव असा की फेव्हरिट साधारण तीन रेसमध्ये एक जिंकतो. तो ठोकताळा इथे लावून बघा. माझं मत सरळ आहे: आजच्या करात १५-१६ चा फेव्हरिट ही सेफ बेट उरलेलीच नाही. ती बेट लावायची नाही, ती रेस नुसती बघायची.

पायरी ४: कोणत्या तिकिटात किती जोखीम

विन म्हणजे तुमचा घोडा पहिला आला पाहिजे. प्लेस म्हणजे तो पहिल्या दोनांत किंवा पहिल्या तिनांत आला पाहिजे. दोन की तीन हे रेसमध्ये किती घोडे धावतात त्यावर ठरतं, आणि आधी बघून घ्यायचं असतं. प्लेसमध्ये पैसे परत यायची शक्यता जास्त, मिळकत कमी. गाजलेल्या घोड्याच्या प्लेसला १० ला ११-१२ सुद्धा सुटतात, तेव्हा वरचं कराचं गणित विसरू नका.

खिडकीवर एसएचपी आणि टीएचपी अशी तिकिटंही दिसतील. नवखे लोक त्यांना प्लेसचाच प्रकार समजतात. तसं नाही. एसएचपीत घोडा दुसराच यायला हवा, टीएचपीत तिसराच. घोडा जिंकला तर तुमचं एसएचपीचं तिकीट वाया, आणि त्यासारखी चिडचिड दुसरी नाही.

इथून पुढे जोखीम वेगाने वाढते. दहा घोड्यांच्या रेसमध्ये क्विनेला, म्हणजे पहिले दोन कोणत्याही क्रमाने, याच्या ४५ जोड्या होतात. फोरकास्ट, म्हणजे पहिले दोन त्याच क्रमाने, ९०. टनाला, म्हणजे पहिले तीन नेमक्या क्रमाने, ७२०. आणि जॅकपॉट, म्हणजे पाच रेसचे विजेते. प्रत्येक रेसमध्ये दहा घोडे धरले तर १ लाख शक्यता. "जॅकपॉट सुटला नाही, पुढे गेला" ही बातमी दर थोड्या दिवसांनी का ऐकू येते ते यावरून कळेल.

पायरी ५: कार्ड वाचा, घोडा बघा

रेसबुकात, म्हणजेच कार्डात, प्रत्येक घोड्यापुढे वजन, रेटिंग, वय, जॉकी, ट्रेनर आणि मागच्या रेसमधले क्रमांक असतात. सगळं एकदम कळणार नाही. चार गोष्टी बघायला शिका.

पहिली, अंतर. १००० मीटरला सुसाट सुटणारा घोडा २००० मीटरला शेवटच्या वळणावर गळपटतो. आज धावायच्या अंतराच्या आसपास तो आधी काय करून आलाय तेवढंच वाचा.

दुसरी, वजन. हँडिकॅप रेसमध्ये जास्त रेटिंगच्या घोड्यावर जास्त वजन चढवतात, साधारण रेटिंगच्या दर गुणाला अर्धा किलो, म्हणजे सगळे घोडे एका पातळीवर यावेत. घोडा जिंकला की रेटिंग चढतं आणि पुढच्या वेळी पाठीवरचं ओझंही. म्हणून "मागच्या वेळी आरामात जिंकला होता" हे हँडिकॅपमध्ये अर्धंच कारण. वजन किती वाढलं ते बघितल्याशिवाय त्याला किंमत नाही. शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते, तीही कार्डावर असते. डर्बीसारख्या मोठ्या रेसमध्ये असं हँडिकॅप नसतं; तिथे चांगला घोडा चांगलाच ठरण्याची शक्यता जास्त, आणि म्हणूनच त्याचा भावही कमी.

तिसरी गोष्ट खास आपल्याकडची. मुंबईचा सीझन सुरू होतो तेव्हा बरेचसे घोडे पुण्याचा पावसाळी सीझन धावून आलेले असतात. पुण्यात जुलै-ऑगस्टला जमीन भिजलेली, मऊ. मुंबईत थंडीत कोरडी आणि टणक. जमीन किती टणक आहे ते पेनेट्रोमीटरने मोजून आकडा जाहीर करतात. पुण्याच्या चिखलात जिंकलेला घोडा महालक्ष्मीच्या कडक गवतावर तसाच धावेल याची खात्री नाही, आणि तिथे मागे पडलेला इथे चमकूही शकतो. सीझनच्या पहिल्या काही आठवड्यांत फॉर्मवर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. ज्यांचे मुंबईत आधीचे निकाल आहेत त्या घोड्यांना झुकतं माप द्या.

चौथी गोष्ट कार्डावर नसते, पॅडॉकमध्ये असते. रेसआधी मोतद्दार लगाम धरून घोड्यांना गोल फिरवतात. कठड्याला लागून उभं राहा आणि तुमच्या घोड्याकडे दोन पूर्ण फेऱ्या होईपर्यंत बघा. अंगाला चमक आहे का? मागच्या पायांमध्ये, खोगिराच्या कडेला साबणासारखा पांढरा फेस आलाय का? जानेवारीच्या हवेत नुसत्या चालण्याने असा घाम फुटत असेल तर घोडा बिथरलाय, धावायच्या आधीच दम घालवतोय. मार्चच्या उन्हात मात्र सगळेच घामाघूम असतात, तेव्हा त्याचा फार अर्थ लावू नये. मोतद्दाराला ओढत, मान झटकत, आडवा चालणारा घोडा वेगळा आणि लांब, सैल पावलं टाकणारा, कान पुढे असलेला घोडा वेगळा. हे बघून विजेता सापडत नाही. पण "यावर आज नको" एवढं कळतं, आणि तेवढ्याने दिवसाला दोनेक तिकिटं वाचतात.

पदार्पण करणाऱ्या घोड्यांची रेस असेल तर कार्डात वाचायला काहीच नसतं. सकाळच्या सरावाच्या बातम्या आणि कुजबूज, एवढ्यावर भाव ठरतात. नवख्याने अशा रेसला चहा प्यावा.

पायरी ६: हजार रुपयांची वाटणी

दिवसाला साधारण सात-आठ रेस असतात. हजारातून कर वजा जाईल हे धरून ७०० रुपयांची तिकिटं काढायची. ४० टक्क्यांनी कर २८०, एकूण ९८०. हे ७०० असे वाटा.

४०० रुपये सांभाळून. आठपैकी चारच रेस निवडा, प्रत्येकी १००. ज्या घोड्याचा विनचा डिव्हिडंड ३० ते ७० च्या दरम्यान दिसतोय आणि वरच्या चार कसोट्यांवर जो उभा राहतोय, असा एक. १०० पैकी ४० विनला, ६० प्लेसला. समजा विनला १० ला ५० आणि प्लेसला १० ला १६ सुटले. घोडा जिंकला तर २०० अधिक ९६, म्हणजे २९६ हातात. खर्च करासकट १४०. घोडा तीन प्लेसच्या रेसमध्ये तिसरा आला तर ९६ परत, तोटा ४४. काहीच झालं नाही तर १४० गेले. मधल्या भावाचे घोडे कोणाला फारसे आकर्षक वाटत नाहीत, कारण त्यात ना खात्रीचा आव आणता येतो ना फ्लूकची फुशारकी मारता येते. पण नवख्याने राहायचं ते इथे.

२०० रुपये मधल्या जोखमीला. दोन रेस, क्विनेला. तीन घोडे निवडून त्यांच्या तिन्ही जोड्या घेतल्या तर १० च्या हिशेबाने ३० रुपये होतात. प्रत्येक जोडी ३० ची केली तर ९०. फोरकास्टमध्ये त्याच तीन घोड्यांना सहा तिकिटं लागतात, म्हणून सुरुवातीला क्विनेलाच बरा. जिथे दोन घोडे बाकीच्यांपेक्षा उघड सरस आहेत पण दोघांत कोण पुढे हे सांगता येत नाही, तिथे हे तिकीट शोभतं. तिथेही दोघेच फेव्हरिट असतील तर सगळ्यांनी तीच जोडी लावलेली असते, मिळत काही नाही. म्हणून तिसरा घोडा थोडा बाजूचा घ्या.

उरले १०० मौजेला. इथे अक्कल पाजळायची नाही. टनालाला तीन घोड्यांचे सहाही क्रम घेतले की ६० रुपये. चार घोडे घेतले तर २४ क्रम, २४० रुपये, म्हणजे बजेटबाहेर. किंवा जॅकपॉट: पाचपैकी दोन रेसमध्ये एकेकच घोडा पक्का धरायचा आणि उरलेल्या तिन्हींत दोन-दोन घ्यायचे. १ गुणिले १ गुणिले २ गुणिले २ गुणिले २, आठ तिकिटं, ८० रुपये. हे शंभर गेलेच असं समजून चाला. कधी लागलं तर घरी सांगायला गोष्ट होईल.

वाटणीचं प्रमाण प्रत्येकाने आपल्या स्वभावाप्रमाणे थोडं हलवायला हरकत नाही. पण मौजेचा वाटा सातात एकाच्या वर गेला की समतोल संपला. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये" ही म्हण घोड्यांच्या मैदानात अक्षरशः लागू पडते. आणि उरलेल्या दोन रेसमध्ये काय करायचं? काही नाही. स्टँडवर चढा, कठड्याशी जा, शेवटच्या दोनशे मीटरला जमिनीतून येणारी टापांची धडधड ऐका. त्याला तिकीट लागत नाही.

पायरी ७: बजेट कुठे फाटतं

सगळ्यात जुना सापळा दुपटीचा. हरलात की पुढच्या वेळी दुप्पट लावा, कधीतरी फेव्हरिट येणारच आणि सगळं भरून निघेल. ५०, १००, २००, ४००, ८००, १,६००: सहा वेळा हरल्यावर ३,१५० रुपये गेलेले असतात, कर वेगळा. फेव्हरिट तिनात एकदा जिंकतो असं धरलं तर सलग सहा हरण्याची शक्यता साधारण अकरात एक. म्हणजे सीझनभर नेमाने जाणाऱ्याच्या वाट्याला हे कधीतरी येणारच. आणि सातव्या वेळी ३,२०० कुठून आणणार? शेजारच्या मित्राकडून. दुपटीचं गणित कागदावर सुंदर दिसतं कारण कागदावर खिशाला तळ नसतो.

दुसरा सापळा शेवटच्या रेसचा. दिवसभराचं नुकसान एकाच घोड्यावर काढायचं, आणि त्यासाठी सगळ्यात मोठ्या भावाचा घोडा शोधायचा. घोड्याला तुमचं नुकसान माहीत नसतं. शेवटच्या रेसची रक्कम सकाळीच ठरवून वेगळी ठेवा, किंवा ती रेस न लावता निघा. महालक्ष्मी स्टेशनवर गर्दीही कमी भेटेल.

तिसरा सापळा टिपचा. "आतली बातमी आहे, तबेल्यातून आलीय." आतली बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेल तर ती आत राहिलेली नाही, आणि भावात ती कधीच मिसळलेली आहे. टिप ऐका, मान डोलवा, आणि मग बोर्डाकडे बघा: तो घोडा तासाभरात ६० वरून २० वर आला असेल तर तुम्ही उशिरा पोचलात. पैसे घेऊन टिप देणाऱ्याकडे तर बघूही नका. ज्याला खरंच माहीत आहे तो ती माहिती पाचशे रुपयांना का विकेल?

चौथा सापळा गोड असतो. पहिल्या दोन रेस लागल्या की माणसाला वाटतं, आता आपण जिंकलेल्या पैशांवर खेळतोय. पैसे कोणाचेही असोत, दुसऱ्या खिशात गेले की ते घरी न्यायचे.

पायरी ८: तिकीट, कर आणि वही

रेस संपली म्हणजे निकाल लागला असं नाही. फोटो फिनिश असू शकतो, एखाद्या जॉकीने दुसऱ्याला अडवल्याची तक्रार होऊन क्रमही बदलू शकतो. निकाल अधिकृत जाहीर होईपर्यंत तिकीट फाडून फेकू नका. खिडकीवर तिकीट घेतल्याबरोबर रेसचा नंबर, घोड्याचा नंबर, प्रकार आणि रक्कम तपासा. रेस सुटल्यावर "मी सात म्हटलं होतं" याला काही अर्थ राहत नाही. तुमचा घोडा ऐनवेळी बाद झाला तर टोटवर त्या तिकिटाचे पैसे परत मिळतात, तेही कित्येकजण मागायला विसरतात.

मोठी रक्कम लागली तर इन्कम टॅक्सही आहे. एका व्यवहारात १०,००० च्या वर जिंकलात तर ३० टक्के टीडीएस कापूनच पैसे मिळतात. जिंकलेल्या रकमेवर सपाट ३० टक्के आणि वर सेस; तुमचं बाकी उत्पन्न करपात्र नसलं तरी हा लागतो. सीझनभर हरलेले पैसे त्यातून वजा दाखवता येत नाहीत. म्हणजे ५०,००० चा जॅकपॉट हातात येताना ३५,००० होतो. मौजेच्या शंभर रुपयांतून स्वप्नं रंगवताना हा कापही रंगवून घ्या.

आणि एक छोटी वही. प्रत्येक तिकिटाला एक ओळ: रेस, घोडा, का लावला, करासकट किती गेले, किती आले. "का लावला" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. "अंतर जमतं, वजन कमी" असं लिहिलेल्या ओळी आणि "नाव आवडलं", "मित्र म्हणाला", "नुकसान भरून काढायला" असं लिहिलेल्या ओळी वेगवेगळ्या मोजल्या की कोणत्या तिकिटांनी तुम्हाला खाल्लं ते कळतं. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण रेसकोर्सवरच लिहा. घरी आल्यावर आठवण सोयीची होते.

वहीत सलग तीन वेळा ठरवलेल्या रकमेच्या वर खर्च दिसला, किंवा आकडा घरच्यांपासून लपवावासा वाटला, तर तो सीझन तिथेच बंद करा. एकट्याने बंद होत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पहिल्या भेटीसाठी डर्बीचा रविवार निवडू नका. त्या दिवशी टोप्या, कॅमेरे आणि गर्दी असते. खिडकीपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि पॅडॉकच्या कठड्याशी जागा मिळत नाही. सीझनच्या मधला एखादा साधा दिवस गाठा, पहिल्या रेसच्या तासभर आधी पोचा आणि पहिल्या दोन रेस एकही तिकीट न काढता बघा. बोर्डावरचे आकडे कसे सरकतात आणि तुम्ही मनात धरलेला घोडा कितवा येतो, ते वहीत टिपून ठेवा. पहिलं तिकीट तिसऱ्या रेसला काढा.